गजेंद्रची मधपेटी

मधमाशांची पेटी दिवाळीनंतर न्या, असं प्रशिक्षणात तीनदा सांगितलं होतं. गजेंद्रने ती पोळ्याच्या आदल्या दिवशीच आणली. तिरोड्याच्या राइस मिलमध्ये कारकुनी करणाऱ्या माणसाला एकदा हुरूप आला, की तो दिवाळीची वाट पाहत नाही.

या हुरुपाचा इतिहास मात्र वाईट होता. अळिंबी सडली होती, बटेर उडून गेले होते. (पिंजऱ्याचं दार कोणी उघडं ठेवलं, हा विषय घरात काढायचा नसतो.) त्यामुळे बायकोने, आचलने, निर्वाणीचं सांगितलं होतं, "हे शेवटचं. ह्या माशा पळाल्या, तर परसातली जागा माही. मी तेथी वांगे लावीन."

म्हणजे यावेळी इज्जतीचा सवाल होता.

आईला, वच्छलाबाईंना, मात्र त्याने खरं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तासाभरात सारी आळी बघायला आली असती. पेटीवर पोतं टाकून तो म्हणाला, "मिलचं सामान हाये. हात नोको लावजो."

पोळा छान झाला. दुसऱ्या दिवशी पाडवा, मारबतीचा म्हणजे घरातली रोगराई हाकलायचा दिवस. दरवर्षीप्रमाणे वच्छलाबाई अंधार असतानाच उठल्या आणि एका हातात कडुनिंबाचा धूर, दुसऱ्या हातात पळसाची फांदी घेऊन घराचा कोपरान् कोपरा झोडपत निघाल्या. "खासी, खोकला, ढेकून, मोंगसे घेऊन जाय गे मारबत!"

झोडपत झोडपत त्या परसात पोचल्या, तोवर चांगलं उजाडलं होतं. पोत्याखालून भणभण ऐकू आली. एवढे मच्छर त्यांनी उभ्या जन्मात ऐकले नव्हते. त्यांनी पोतं उचललं, खाली धूर ठेवला आणि खोक्यावर मन लावून दहा-बारा फटके हाणले.

गजेंद्र धावत आला तेव्हा पेटी रिकामी होती.

"आई, काऊन मारलंस वो?"

"मले का मालूम बापा? मिलच्या सामानात मोंगसे बोंबलून राहिले होते. सारे गेले, पाह्य."

सारे शेजारच्या बकारामच्या मुनग्यावर, म्हणजे शेवग्याच्या झाडावर, गेले होते. खालच्याच फांदीला माशांचा हा एवढा घोस लटकला होता आणि बकाराम कमरेवर हात ठेवून उभा होता.

"गजेंद्र, मी मुनग्याची भाजी कशी तोडू आता?"

"थांबा काका, मी ट्रेनिंग घेतलं हाये," असं म्हणून गजेंद्रने डोक्यावर मच्छरदाणी गुंडाळली. सणाची अंघोळ करून त्याने अंगभर अत्तर चोपडलं होतं. वासाची कोणतीही वस्तू लावून माशांजवळ जाऊ नये, हे पुस्तिकेत पहिल्याच पानावर होतं. (त्याने पुस्तिका वाचली नव्हती. प्रमाणपत्राला फ्रेम केली होती.)

पुढचं सांगण्यासारखं नाही. तो बकारामच्या अंगणात तीन फेऱ्या पळाला आणि शेवटी गाईच्या टाक्यात बसला.

पुस्तिका आचलने वाचली होती. तिने घोसावर हलकं पाणी शिंपडलं आणि खाली टोपली धरली. झोडपून झालं होतं म्हणून वच्छलाबाईंनी मुनग्याच्या फांदीला यावेळी एकच झटका दिला. सगळा घोस टोपलीत पडला. दोघी सासू-सुना तो पेटीत सोडून, हात झटकत चहा करायला गेल्या.

संध्याकाळी माशा शहाण्यासारख्या ये-जा करत होत्या. गजेंद्रचा एक डोळा बंद होता, वरचा ओठ भज्यासारखा फुगला होता. पण जीव अडकला होता पेटीत. आचल हळद लावत असताना त्याने भीत भीत विचारलं, "मंग... वांगे लावतेस का?"

"नाही. राहू द्या पेटी. गुणी हायेत बिचाऱ्या."

गजेंद्रला इतका आनंद झाला, की ओठ दुखत असूनही तो हसला.

"पन तुम्ही परसात येऊ नोका," आचल म्हणाली. "तुमच्यानं त्यांले तरास होते."