दादारावकाकांचं समोरचं दार

आमच्या शेजारचे दादारावकाका गेलं वर्षभर स्वतःच्या घरात मागच्या दाराने ये-जा करत होते. समोरचं दार चांगलं शाबूत होतं. पण काका भाजी घेऊन आले की घराला अर्धी प्रदक्षिणा घालून, मोरीशेजारून वाकून आत जायचे. कोणी विचारलं की म्हणायचे, "समोरची लाइन बंद हाये."

काका बडनेऱ्याकडे रेल्वेच्या फाटकावर गेटमन होते. निवृत्त झाले, पण फाटक काही सुटलं नाही. "माह्या फाटकात तीस वर्सात येक बकरी नाई मेली," हे वाक्य ते रामरामाच्या जागी वापरत. गल्लीत सायकल काढायची तरी आम्हाला आधी डावीकडे, मग उजवीकडे बघायला लावत. काकू गेल्यावर मुलगा त्यांना अकोल्याला न्यायला आला, तर म्हणाले, "ड्युटी सोडून येऊ कसा?" आम्ही सगळे पाठीमागे हसायचो. मी जरा जास्तच.

मग गेल्या कोजागिरीला माझी लेक गुड्डी त्यांच्या पायरीवरून पडली.

आमच्याकडे कोजागिरीच्या संध्याकाळी पोरी घरोघर भुलाबाईची गाणी म्हणत हिंडतात. गाणी झाली की घरचं कोणीतरी झाकलेला डबा वाजवतं. आतली खिरापत पोरींनी ओळखायची, मगच ती हातावर पडते. लेकरं येणार म्हणून कोणीतरी पायऱ्या स्वच्छ धुऊन ठेवल्या होत्या. ओल्या फरशीवर गुड्डीचा पाय सटकला आणि हनुवटीला चार टाके पडले. मी काकांना एक शब्द बोलले नाही. चांगुलपणाने नव्हे हो, जीभच उचलली नाही. त्यांनी त्याचा काय अर्थ घ्यायचा तो घेतला.

यंदा आठ दिवस आधीपासून त्यांच्या अंगणात ठोकाठोक सुरू झाली. पायऱ्या फोडून उतार केला, दोन्हीकडे लोखंडी पाइप लावले, कडेला पांढरा पट्टा ओढला. मग उतारावरून ज्वारीचं पोतं पाच वेळा वरखाली नेलं.

"गुड्डीचं वजन किती हाये वं, सूनबाई?" काकांनी मला विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी पोत्यात आणखी थोडी ज्वारी ओतली. "दिवाळीपर्यंत वाढन ना." तिला पाठवशील का, हे मात्र विचारलं नाही.

भुलाबाईसाठी ज्वारीच्या धांड्यांची, म्हणजे ताटांची, खोपडी करतात, छोटी झोपडीच. तिच्यात काकांनी पणतीऐवजी बॅटरीचा दिवा ठेवला, शेजारी वाळूच्या दोन बादल्या. मी हसले खरी. पण कोजागिरीच्या दुपारपासून तो रक्ताने भिजलेला फ्रॉक डोळ्यांपुढून जाईना. गुड्डीला ताप आलाय म्हणून सांगावं, इथवर मन गेलं. पण गुड्डी कसली ऐकते!

सात वाजता अकरा पोरी काकांच्या गेटशी पोचल्या. मी दहा पावलं मागे. काका हिरवी झेंडी घेऊन दारात उभे. पण पोरी आत जाईनात. गेटवर पाटी टांगली होती आणि तिच्यावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "खिरापत : शिरा. थंड केलेला. काजू-बदाम काढून घेतले. घशात अडकनार नाही."

"आता ओळखाचं काय?" एक पोरगी म्हणाली. "चाला वं, पुढच्या घरी."

काकांची झेंडी खाली आली. लेकरं जपायच्या नादात त्यांनी खेळच मोडून ठेवला होता. "अडकू नये म्हनून लिवलं बेटा," एवढंच म्हणाले. त्यांचा चेहरा पाहून मी माझी भीती विसरले.

गुड्डीने पाटी उतरवली आणि फ्रॉकने खसाखसा पुसली. "कोनीच नाई वाचली, समजलं?" असा सगळ्यांना दम भरून ती पहिली उतारावर चढली. एवढा पाइप लावलेला, पण तिने त्याला हातसुद्धा लावला नाही.

गाणी झाली. काका डबा वाजवू लागले.

"चिवडा?"

"नाई."

"लाडू?"

"नाई!"

पोरी चुकत राहिल्या, काका खूश होत राहिले. शेवटी सगळ्या एकदम ओरडल्या, "शिरा!"

अकरा आत गेल्या, अकरा बाहेर आल्या. काकांनी बोटांवर मोजल्या. शेवटी गुड्डी उतरली आणि खालून म्हणाली, "आजोबा, चाला ना आमच्यासंगं."

"माही लाइन बंद हाये बेटा."

"काहून?"

काका तिच्या हनुवटीकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "सूनबाई, पायऱ्या म्याच धुतल्या होत्या वं."

मला रडू आलं. तुमची चूक नाही, हे वर्षभरात मी एकदा तरी म्हणायला हवं होतं. मी उतार चढून गेले आणि त्यांचा हात धरला. आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे, आणि दोघं समोरच्या दाराने खाली उतरलो.