अस्सल वैराचा दाखला

राळेगाव तालुक्यातल्या एका गावातील गोपाल आणि बंटी या रॅपरांचे वैर सगळ्या पंचक्रोशीत गाजत होते. एकाने गाण्यात दुसऱ्याची लाज काढायची, दुसऱ्याने त्याहून जहाल गाणे सोडायचे. या डिस ट्रॅकांमागची व्यवस्था मात्र फार थोड्यांना ठाऊक होती. बंटीला चाल जमे, पण अपमान सुचत नसत. त्यामुळे गोपालला हाणायच्या ओळीही गोपालच लिहून देई.

दोघांनी नाव दिलेल्या यवतमाळच्या जिल्हास्तरीय रॅप स्पर्धेने ही व्यवस्था मोडीत काढली. अंतिम फेरीसाठी नवा नियम आला: 'वैर अस्सल असावे. गावच्या तंटामुक्त समितीचा दाखला जोडावा.'

दोघे दाखला मागायला गेले, तेव्हा समितीचे अध्यक्ष पंजाबराव यांनी चष्मा पुसला.

"आपलं गाव तंटामुक्त हाय. वेशीवर पाटी हाय. तंटाच नाई, त दाखला कायचा देऊ?"

"मंग तंटा केला त?" गोपालने विचारले.

"त मले तो मिटवा लागंल. मिटल्यावर देतो."

"मिटल्यावर वैर कुठं राह्यते, काका?"

"थे तुमचं तुम्ही पाहा. अन् पोट्ट्याईचं भांडण समिती धरत नाई. धुऱ्याचा तंटा असला त उत्तम."

गोपालचे वडील नागोराव आणि बंटीचे वडील किसनराव यांची वावरे लागून होती. मधल्या धुऱ्यावर, म्हणजे सामाईक बांधावर, बसून दोघे रोज एकमेकांच्या डब्यातले जेवत. पोरांच्या भवितव्याचा प्रश्न म्हणून दोघेही भांडायला राजी झाले. गोपालने संवाद लिहिले, तालीम घेतली, अर्ध्या गावाला धुऱ्यावर बोलावले.

नागोरावांनी सुरुवात बिनचूक केली. "किसन्या, तुह्या बैलानं माही तूर खाल्ली!"

किसनराव आपले वाक्य विसरले. मग त्यांचे त्यांनाच सुचले.

"तूर कायची घेऊन बसला बे! तुह्या लग्नात मले शेवटच्या पंगतीत बसवलं. बुंदी संपली होती!"

"संपली नवती! तूच रुसून उठला!"

"रिकामी बादली दाखवली मले!"

"काका, हे लिहिलं नाई," गोपाल कुजबुजला. कोणी ऐकले नाही.

व्हिडिओ पसरला. गावात 'बुंदी संपली' आणि 'बुंदी होती' असे दोन गट पडले. तंटा मिटवायला गेलेले पंजाबराव त्या लग्नात स्वतः वाढपी होते, हे कोणाला तरी आठवले. ते थेट आरोपी झाले. संतापाच्या भरात त्यांनी दाखला दिला: 'तंटा अस्सल असून मिटण्यापलीकडचा आहे.'

दाखल्यावर वडिलांची नावे पाहून स्पर्धेच्या छाननी समितीने अंतिम फेरीत त्या दोघांचीच निवड केली. मुलांना माईक जोडण्याचे काम देण्यात आले.

घरी नागोराव डबा अर्धा परत आणू लागले. गोपालने तो उघडून पाहिला. "बाबा, झालं आता. बोला ना त्याईच्यासंग."

"काहून? अस्सल पायजे होतं ना तुले?"

अंतिम फेरीला सभागृह खचाखच भरले. 'बादली' या शब्दावर आभाळ फाटल्यासारख्या टाळ्या पडल्या. किसनरावांनी आवाज आणखी चढवला आणि त्यांना जोराचा ठसका लागला. नागोरावांच्या तोंडात शिवी तयार होती. ती तशीच ठेवून त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली आणि ते किसनरावांची पाठ चोळू लागले.

"हळू पी बे. तू मेल्यावर मी कोनासंग भांडू?"

किसनरावांना खोकता खोकता हसू फुटले. माईकच्या वायरी हातात धरून गोपाल रडला.

परीक्षकांनी तातडीने निकाल जाहीर केला: स्पर्धकाने प्रतिस्पर्ध्याला पाणी पाजल्याने अस्सलपणाचा भंग झाला असून जोडी बाद करण्यात येत आहे. सभागृहात 'फेक! फेक!' असा गदारोळ उठला. त्यातच कोणीतरी ओरडले, "पानी कायले पाजता, हाना ना एक!"

हा प्रकार अशोभनीय असल्याने संयोजकांनी चौकशी नेमली. रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकण्यात आले. 'हाना' म्हणणारा आवाज एकाचा नव्हता, अनेकांचा होता. त्यातले बरेचसे ओळखले गेले आहेत. वाचकहो, तुमचा आवाज त्यांत चांगला स्पष्ट आहे.