मुरगळलेल्या मानेचं चित्र

"जरा डावीकडे. हनुवटी वर. आता दुःखी व्हा."

"अगं, मी अजून दाढीसुद्धा केली नाही."

"चित्रातल्या बाईला तरी युद्धात आवरायला कुठं सवड होती?"

चित्रसंग्रहालयातल्या गाईडबाईंनी भल्या सकाळी नवऱ्याला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलं होतं. युद्धाच्या दिवसांत रंगवलेलं एका बाईचं चित्र त्यांना आज लोकांना उलगडून सांगायचं होतं. राखाडी चेहरा काचेसारखा तडकलेला, एक डोळा वर, एक खाली, आणि मान वाऱ्यानं पिळलेल्या फांदीसारखी मागे वळलेली. मागच्या खेपेस त्या रंगरेषांवर भरभरून बोलल्या, पण "हिच्या मनात काय चाललंय?" असं संग्रहालयाच्या प्रमुखबाईंनी विचारलं आणि त्यांची दातखीळ बसली. आज पुन्हा तसंच झालं तर नोकरी गेली. तेव्हा ती मान घरच्या माणसाच्या खांद्यावर बसवून बघायचीच, असा त्यांनी चंग बांधला होता.

"आणखी थोडी मागे," म्हणत त्यांनी हात लावला. कट् असा आवाज झाला.

"आता काय वाटतंय?"

"मान अडकलीय."

"भावना सांगा, भावना."

"तीच आहे."

तेल चोळलं, शेक दिला. मान ढिम्म हलेना. दवाखाना संग्रहालयाच्या समोरच, पण उघडणार दुपारी. म्हणून नवरा सोबत निघाला. बसमध्ये मागच्या बाईंनी दोनदा पदर सावरला, मग विचारलंच, "ओळखता का मला?"

दालनात एकच बाक, तोही नेमका त्या चित्राखाली. लोक वर बघत, खाली बघत. एका आजोबांनी हळूच विचारलं, "हे चित्रातच धरायचे का?"

"हिच्या मनात काय चाललंय?" प्रमुखबाईंनी विचारलं.

गाईडबाईंचं पाठांतर उडालं. त्यांनी खाली पाहिलं. नवरा कळ सोसत, एक डोळा कसाबसा तिरका करून त्यांच्याकडेच बघत होता. बायकोचं जमतंय ना, एवढीच काळजी त्या डोळ्यात होती.

"हिचं कुणीतरी मागे राहिलंय," त्या सावकाश म्हणाल्या. "अंगाचे तुकडे झाले तरी नजर तिथून काढायची नाही, असं हिनं ठरवलंय. आणि मान फार दुखतेय."

"फार," बाकावरून आवाज आला.

आजोबांनी चष्मा पुसला.

"तुमची नोकरी पक्की," प्रमुखबाई म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात याच चित्रकाराचा सैनिक येतोय. हात पाठीमागे पिळलेले, एक पाय थेट कानापाशी..."

सकाळपासून अडकलेली मान खटकन सुटली आणि सरळ दाराकडे वळली.