तीन टनांचा जॅक आणि दुपारी बसणारी व्हॅन

नेर गावात डोकं असलेली माणसं दोन. एक मी, आरजू जफर शेख, दहावीची परीक्षा दिलेली (निकाल लागायचाय, पण निष्कर्ष मी आधीच काढलाय). दुसऱ्या माणसाचा शोध सुरू आहे. गेल्या वर्षी मोहल्ल्यातल्या तीन हरवलेल्या कोंबड्या मी शोधून काढल्या. दोन शिजलेल्या अवस्थेत होत्या, पण शोधल्या.

आता प्रकरण. अब्बूंचं बांगड्यांचं दुकान आहे आणि माल बाजारात न्यायला एक म्हातारी व्हॅन. तिचा सायलेन्सर लोंबायला लागला, तेव्हा अब्बूंनी मोबाइलवर दोन व्हिडिओ पाहिले आणि ते मेकॅनिक झाले. यवतमाळहून ट्रॉली जॅक आणला. चाकांवर सरकणारा, लांब दांड्याचा, लालभडक. दुकानदारानं विचारलं, गाडीचं वजन किती? अब्बू म्हणाले, सगळ्यात मोठा द्या. अशा रीतीनं नऊशे किलोच्या व्हॅनसाठी तीन टनांचा जॅक आला, जो घरात आणायलाच दोन माणसं लागली. दुकानदार म्हणाला होता, सोबत दोन लोखंडी स्टँड न्या. जॅकनं फक्त उचलायचं, मग गाडी स्टँडवर टेकवायची. अब्बूंना त्यात माल खपवायची चाल दिसली. स्वतः दुकानदार असल्यामुळे दुसऱ्या दुकानदाराचं खरं त्यांना पटतच नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी अंगणात, कूलरच्या बाजूला, लिंबाच्या सावलीत व्हॅनचं मागचं अंग उचललं, समाधानानं पाहिलं आणि दुपारच्या नमाजला गेले. परत येतात तर व्हॅन खाली, जॅक कललेला. दुसऱ्या दिवशी तेच.

अम्मीनं एकच प्रश्न विचारला. "तुम्ही खाली असते तं?"

अब्बूंनी तो ऐकला नाही. ही त्यांची जुनी कला आहे. "उद्या मी खाली जातोच," ते म्हणाले. "सायलेन्सर माझ्या हातानं बसवतो."

"मेकॅनिकले बोलवा ना."

"जॅक कायले आणला मंग?"

म्हणजे माझ्या हातात एक दिवस होता आणि पणाला अब्बूंची छाती. एवढं मोठं प्रकरण कोंबड्यांनंतर पहिलंच.

पहिला सिद्धांत: जॅकचं तेल गळतं. मी जॅकखाली पांढरा कागद ठेवला. तासाभरानं कागदावर एक डाग मिळाला. चाखून पाहिला. कैरीचं लोणचं. कागद माझ्याच वहीचा होता.

दुसरा सिद्धांत: रात्रीचं गार लोखंड दुपारी तापून मऊ पडतं. अम्मी म्हणाली, "मंग माहा तवा काहून नाही वितळत?" अम्मीला विज्ञान कळत नाही. तो सिद्धांत मी तिच्यासाठी मागे घेतला.

तिसरा सिद्धांत मात्र पक्का होता: घातपात. व्हॅनभोवती चपलांचे ठसे सापडले, पाच नंबर, डावा पाय घासत चालणारा इसम. अम्मीनं माझ्या पायाकडे पाहिलं. मी तिला सांगितलं, शोधक जागेवर गेला तर ठसे उमटणारच, त्यात नवल काय. मग उरला एकच संशयित: शेजारचे घनश्यामकाका. जॅक आला त्या दिवशी ते कंपाउंडवरून म्हणाले होते, "जफरभाऊ, यानं व्हॅन उचलता का तहसील?" द्वेष स्पष्ट होता. शिवाय दोन्ही दुपारी ते कंपाउंडजवळ दिसले होते. तिथे त्यांची म्हैस बांधलेली असते, पण म्हैस हे आडोशाचं उत्तम साधन आहे.

तिसऱ्या दिवशी अब्बूंनी व्हॅन पुन्हा उचलली आणि मी सापळा रचला. जॅकच्या दांड्याला दुकानातल्या डझनभर काचेच्या बांगड्या अडकवल्या. कोणी हात लावला की वाजणार. कूलर भरायचं काम माझ्याकडे असतं, म्हणून मोटर सुरू करून पाइप टाकीत सोडला आणि थेट घनश्यामकाकांना चहाला बोलावून आणलं. त्यांना आमच्या बैठकीत बसवून मी दारात उभी राहिले.

"आज काय हाय बाप्पा, सण?" त्यांनी विचारलं.

"बसा तुम्ही," मी म्हटलं आणि अंगणाकडे वळून जाहीर केलं, "अब्बू, गुन्हेगार माझ्या नजरेसमोर हाय. आता व्हॅन बसत नाही. जा खाली."

अब्बूंनी पोतं अंथरलं, पाना घेतला आणि आडवे झाले. डोकं बंपरखाली गेलं.

घनश्यामकाकांच्या घरच्या कोकिळाकाकू नवऱ्याला जेवायला बोलवायला फाटकातून आत आल्या. चार पावलं टाकली आणि थांबल्या. चप्पल मातीत रुतली, निघेना.

"जफरभाऊ, पह्यले तिथून उठा."

त्यांचा आवाज म्हशीला हाकतात तसाच होता, अगदी सपाट. म्हणूनच बहुतेक अब्बू उठले. ते पोत्यावरून सरकून बसतात न बसतात, तोच बांगड्या किणकिणल्या. हात कोणाचाच नव्हता. जॅक हळूच एका अंगाला कलला, दांडा आडवा झाला आणि व्हॅन पोत्यावर बसली.

"कूलर कवापासून सांडून राह्यला?" काकूंनी विचारलं.

अम्मीनं जाऊन मोटर बंद केली. रोज दुपारी पाइप सोडून मी विचार करायला जात असे आणि माझे विचार लांब असतात.

"काळी माती हाय ही," काकू चप्पल उपसत म्हणाल्या. "उन्हानं भेगा पडतात, पाणी सारं आत जाते. वरून वाळलेली, आतून लोणी. अठी बैलबंडीचं चाक रुतते, तुमचे हे बोटभर चाकं काय टिकतीन? तीन टनाचा आणला म्हणे. जमीन कितीची हाय, ते कोणी पाह्यलं?"

बैठकीतून आवाज आला. "डिटेक्टिव्हबाई, मले सोडता का आता? चहा बी नाही आला."

अब्बूंनी व्हॅनखालचं पोतं ओढून पाहिलं. निघालं नाही. मग उठून फटफटीवर यवतमाळला गेले आणि ते दोन स्टँड घेऊन आले.

सिमेंटचं अंगण अख्ख्या गल्लीत एकाच घरी आहे. घनश्यामकाकांकडे. दिवाळीनंतर तिथे त्यांच्या कापसाचा ढीग पडतो. संध्याकाळी व्हॅन ढकलत तिथे नेली, गिअरमध्ये टाकली, हँडब्रेक ओढला, पुढच्या चाकांना लाकडाचे ठोकळे लावले. उचलली, स्टँडवर टेकवली. काका खाटेवर बसून पाहत होते, म्हशीसकट.

अब्बूंनी पोतं अंथरलं आणि पाना हातात घेऊन माझ्याकडे पाहिलं.

"जाऊ का व आरजू, खाली?"

उत्तर मला येत होतं. मला उत्तरं नेहमीच येतात. मी व्हॅनला खांदा लावून दोनदा हलवून पाहिलं. मग गुडघ्यांवर बसले आणि स्टँडच्या पायाखालून हात फिरवला.

"थांबा," मी म्हटलं, आणि दुसऱ्या बाजूला गेले.