संगाण्णांच्या गिटारचे सहा कान

कान पिळण्याआधी गिटारची माफी मागणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला. आमचे हुलसूरचे शेजारी, संगाण्णा. तार चढवायची किल्ली धरायची, डोळे मिटायचे, "तप्पायतु तायी", म्हणजे चुकलं गं माये, असं कानडीत पुटपुटायचं, आणि मग हळूच पिळायचं. मी शाळामास्तर. दिवसाकाठी दहा कान पिळायचो, माफी एकाचीही मागितली नव्हती. त्यामुळे हा प्रकार मला जरा झोंबायचाच.

संगाण्णांचं भुसाराचं दुकान. बिदरला कुणा साहेबाच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव निघाला, तिथं संगाण्णा कपाट आणायला गेले आणि गिटार घेऊन आले. का, ते काही केल्या सांगेनात. वाजवणं असं, की समोरच्या गोठ्यातली म्हैस पान्हा चोरायची. तसं मी बोलून दाखवलं, तर वर मलाच विचारतात, "म्हशीला कळायलंय मास्तर, तुमाला कामून कळंना?"

त्यांच्या बायकोचं, शरणक्काचं, ऐकणं विषमज्वरात पार गेलं होतं. गल्लीत सगळ्यात सुखी तीच, असं मी चारचौघांत म्हणायचो. जीभ माझी पहिल्यापासूनच वाईट.

एका पावसाळ्यात त्या किल्ल्यांची चाकं गंजली, दाते झिजले. तार चढवली की सर्रकन उतरायची. गिटार मुकी झाली, आणि आठ दिवसांत शरणक्का चिंताकीला माहेरी निघून गेली. जाताना एवढंच म्हणाली, की वाजायला लागली की गाडी धाडा, येते. आता बहिऱ्या बाईनं असं का म्हणावं? मी ताडलं, नवरा-बायकोचं वाजलंय आणि हा टोमणा आहे.

संगाण्णा मात्र दुकान उघडं टाकून माझ्या ओसरीवर. "मास्तर, हिच्या किवी गेल्या. हैदराबादला कागद लिवा. आमुशेला गाडी धाडायचीय चिंताकीला. त्याच्या आत पायजेत."

किवी म्हणजे कानडीत कान. किल्ल्यांना ते किवीच म्हणत. मी निजामी शाळेत शिकलेला, उर्दूची फार ऐट. हैदराबादच्या बाजेवाल्याला झोकात लिहिलं, की आमच्या गिटारचे सहाही कान खराब झालेत, नवे पाठवा. उत्तर तितक्याच अदबीचं आलं. माझ्या घाईच्या अक्षरात बाजेवाल्यानं 'गिटार'चं 'मुख्तार' वाचलं होतं. मुख्तार साहेबांच्या दुखण्याचं वाचून अफसोस झाला, पण एका माणसाला सहा कान कसे? आमच्याकडे फक्त बाजे मिळतात, कृपया हकिमाला दाखवा.

मी पोट धरून हसलो. संगाण्णा हसले नाहीत. घरी गेले, डाव्या अंगाची तीन किल्ल्यांची पट्टी उचकटली, फडक्यात शिवली आणि पार्सल केलं. सोबत माझ्याकडून चिठ्ठी लिहून घेतली, हुबेहूब अशा दोन पाठवा. बाजेवाला शब्दाचा पक्का. हुबेहूब तशाच दोन आल्या. दोन्ही डाव्या!

दोन डाव्या पायांच्या चपला आल्यासारखं झालं. पण अमावस्या परवावर. उजव्या अंगाला डावीच पट्टी उलटी करून ठोकली. बसली, पण किल्ल्या उलट्या फिरायला लागल्या. चढवायला जावं तर तार उतरायची, उतरवायला जावं तर चढायची. माफी मागता मागता एक तार तुटून गालावर वळ उठला. तरी अमावस्येला गाडी गेलीच.

संध्याकाळी शरणक्का आली. आता पुन्हा जुंपणार म्हणून मी गंमत बघायला गेलो. दार उघडंच होतं. संगाण्णा वाजवत होते, आणि शरणक्का त्यांना खेटून, गिटारच्या लाकडाला गाल लावून, डोळे मिटून बसली होती.

"अवो, खालची तार उतरलीया," ती म्हणाली. माझे कान धडधाकट, पण मला कळलं नव्हतं.

संगाण्णांनी माफी मागून किल्ली पिळली. नेमकी उलटी. तार आणखी उतरली. शरणक्का हसली आणि गाल न काढता हात लांब करून तिनं स्वतःच ती नीट चढवली.

मला बघून संगाण्णा लाजले. "पेटी आणून बघितलो, टाळ आणून बघितलो. तिला काय कळंना. ह्याच्या लाकडातनं कळतंय." मग म्हणाले, "मला वाजवाय येत न्हाई, ठावं हाय मास्तर. पण जगातलं तिला एवढंच ऐकाय येतंय. मग मीच वाजवाय पायजे न्हवं?"

मला माझी जुनी थट्टा आठवून मेल्याहून मेल्यासारखं झालं. उंबऱ्यावरच बसलो आणि त्यांचं वाजवणं पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकलं. वाजवलं नेहमीसारखंच भयंकर. पण डोळे पुसायला मला धोतराचा सोगा पुरेना.