स्फटिकाचे राज्यांत विद्युत्ध्रुव उपजले त्याची हकीकत

श्रीशीतलेचे पायीं माथा ठेवून, जैसें ऐकिलें तैसें लिहिलें असे. शके सोळाशें एक्याण्णव, विरोधीनाम संवत्सर, पौषमासीं एका स्फटिकाचे पोटांतील राज्यावर थंडी ऐसी पडली कीं कणन्‌कण जागींच थिजला. त्या राज्यीं चुंबकी शिपायांची दक्षिणोत्तर एकच लांब रांग, आणि दर दोन शिपायांमध्यें प्राणवायूचे कुळींची एक बाई, डोईवर शिपायांचे भाराहून उलटा विजेचा भार घेऊन मधोमध उभी; त्यांतली एक तानूबाई. तों एके सकाळीं पश्चिमतटावर ठिणग्या उडों लागल्या, आणि पाहतात तों सगळ्या बाया पश्चिमेस सरकलेल्या! मग कारभारी दादो विसाजी कडाडले, "परक्या विजेस फितूर जाहलां! आतांच्या आतां रांग सोडा." रांगेबाहेर तानूबाईस जगीं ठाव नव्हता. म्हणाली, "दादासाहेब, मीं पाऊल उचललें नाहीं हो." "मग काय भुई सरकली?"

शिपाई ते वेळीं प्रत्येक जण शेजाऱ्याहून जरा उजवा वळलेला, ऐसा रांगेस पीळ पडला होता. बायांचा पक्ष घेऊन हे उठतील, ऐसें भय कारभारी यांस वाटलें, आणि त्यांची एकी मोडावी म्हणून हुकूम केला, "उजवा पीळ सोडा, डावा घ्या!" आणि शिपाई वळतांच तानूबाई फरफटत पूर्वेस गेली, आणि सगळ्या बाया गेल्या, आणि ठिणग्याही पूर्वतटीं गेल्या. "अगो बाई, हे तर आपलेच ओढताहेत!" बोलली आणि जीभ चावली, शेजारचा शिपाई सुभानजी तिला लेकासारखा. कारभारी यांनीं तरवारीस हात घातला. "सुभान्या, बंड?"

"नाहीं जी," सुभानजी बोलिला, "शेजारी पाहे तिकडे पाहावें, हा हुकूम. त्याचे पलीकडला पाहे त्याचे उलट पाहावें, हाही हुकूम. उबेंत धक्काबुक्कींत खपून गेलें. थिजल्यावर काय करावें? थोडथोडे वळलों, तेव्हां दोन्हीं हुकूम निम्मेशिम्मे पाळले गेले." गलबला ऐकून राज्याचे महाराज तेथें आले होते, त्यांनीं विचारिलें, "हुकूम कोणाचे?" मग दादो विसाजी हळूच म्हणाले, "आपलेच, महाराज." मग महाराज तानूबाईस म्हणाले, "जागा तुझी. वांकडी कां होईना." "आणि सुभानजी?" "तोही."

तात्पर्य, बायांचा भार एकीकडे सरला, शिपायांचा उलटा भार मागें राहिला, आणि राज्यास दोन विद्युत्ध्रुव जाहले. ते शिपायांचे पिळानें, फितुरीनें नव्हे. तानूबाईनें पदर खोंचला आणि वांकडीच उभी राहिली.