उखर्डू नाना आणि वाफेची वाट

उखर्डू नाना कुणाच्याही घरी गेले की रामराम घालायच्या आधी चुलीकडे बघत. भांड्यावर झाकण घट्ट बसलेलं दिसलं की उंबऱ्यातूनच ओरडत, "झाकण तिरकं कर वं माय! वाफले वाट पाहिजे." आत भात असो, डाळ असो, नाही तर नुसतं पाणी. मेहरूणमधल्या एका लग्नात त्यांनी वरणाच्या हंड्यावरचं झाकण सरकवलं, तेव्हा आचारी झारा घेऊन त्यांच्या मागे धावला. मंगलाष्टकं चालली होती, पण निम्मे वऱ्हाडी अक्षता हातात धरून हेच बघत होते.

नाना आधी धुळ्याला एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, बॉयलरवर होते. ते काम सोडून जळगावला आले आणि आमच्या शेजारच्या खोलीत एकटेच राहू लागले. उजवा हात कोपरापर्यंत भाजलेला. कातडी अशी, की भरताचं वांगं आठवावं. बायकापोरांचं कधी नाव काढलं नाही, आणि मीही विचारलं नाही. मला दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसायची सवय नाही. मी चारच इयत्ता शिकले, पण एवढं मला कळतं.

माणसंही त्यांना बॉयलरच वाटत; बॉयलरची जादा वाफ सोडणाऱ्या झडपेला ते वॉल म्हणत. गल्लीतली कुणी बाई नवऱ्यावर तोंड सोडू लागली की नाना नवऱ्याला बाजूला घेऊन समजावत, "बोलू दे तिले. वॉल उघडा शे तं घर वाचनं." आणि एखादी गप्प गप्प दिसली की म्हणत, "हाई फुटी एक दिवस." बायकांना त्यांचं हे बोलणं आवडे. पुरुषांना आवडत नसे.

साहेब लोक देश सोडून गेले तेव्हा त्यांच्या बंगल्यांतलं सामान विकायला निघालं. आमच्या ह्यांनी त्यातून एक तांब्याचा बंब उचलून आणला. आपल्या बंबाचं वरचं तोंड उघडं असतं. हा मात्र सगळीकडून बंद. वरून पाणी ओतायचं आणि फिरकीचं बूच घट्ट लावायचं. शेजारी एक पितळी नळी, तिच्या तोंडावर झाकणी, झाकणीवर आडवी दांडी आणि दांडीच्या टोकाला लोखंडी वजन. आत वाफ वाढली की ती झाकणी उचलून फुस्स करून बाहेर पडायची. नानांचा वॉल तो हाच. मीही मग वॉलच म्हणू लागले.

बंब घरात आला आणि नाना रोज सकाळी न्हाणीच्या दाराशी हजर होऊ लागले. एक काडी घेऊन दांडी जरा उचलायची, फुस्स ऐकायचं, मान हलवायची आणि जायचं. चहासुद्धा नको. एकदा मी चिडून म्हटलं, "नाना, हाई न्हाणी शे, देऊळ नही. रोज दर्शन कसाले?"

"देव रागावना तं नैवेद्य चालस, अक्का. बंब रागावना तं काय चालस?"

मी झाडू हातात घेतला. नाना दुसऱ्या दिवशी पुन्हा आले.

मग माझी लीला पहिल्या बाळंतपणाला आली. मुलगी झाली. चिमणीएवढी, पण आवाज कावळ्याचा. बाळंतिणीला आणि बाळाला रोज तेल लावून ऊन पाण्याने न्हाऊ घालायचं, म्हणून बंब पहाटेपासून पेटलेला. सरपण पऱ्हाट्यांचं. कपाशीची ती वाळकी झाडं भडभड जळतात. बंब फुस्स करी, पोर दचके आणि किंचाळे. लीलाचा डोळ्याला डोळा लागेना. पोर रडली की आई रडे. चार दिवस मी सहन केलं. पाचव्या दिवशी खलबत्त्यातला लोखंडी बत्ता सुतळीने बांधला आणि दांडीच्या टोकाला वजनाशेजारी टांगला. आवाज बंद. इतकी सोपी गोष्ट कुणाला कशी सुचली नाही, असं वाटून मी स्वतःवर खूष झाले.

नाना तेव्हा पिंपळनेरला पुतणीच्या लग्नाला गेले होते. असते तर बत्ता टांगू दिला नसता, हे मला माहीत होतं. म्हणूनच तो दिवस निवडला, हेही सांगून टाकते.

दुसरा दिवसही शांततेत गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी लीला न्हाणीत पाटावर बसलेली, आणि सुईण पोरीला पायांवर घेऊन तेल चोळत होती. दोघी बंबापासून हातभर लांब. बंब गुरगुरत होता, कढ येण्याआधी दूध गुरगुरतं तसा. मी पऱ्हाट्या घालतच होते.

एवढ्यात नाना बसमधून उतरून, काखेत बोचकं घेऊन, सरळ न्हाणीच्या दाराशी.

"अक्का, वॉल का बरं बोलत नही?"

आणि त्यांना बत्ता दिसला.

मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "पोरीले बाहेर ने. तुमी बठ्ठ्याजणी बाहेर जा. धक्का लागू देऊ नका." आयुष्यात एवढं निमूट मी कुणाचं ऐकलं नव्हतं. लीलाला कसंबसं लुगडं गुंडाळलं, सुईणीने पोरीला पदरात घेतलं, आणि आम्ही अंगणाच्या पार टोकाला उभ्या राहिलो.

नानांनी बत्त्याला हातच लावला नाही. आधी चिमट्याने जळत्या पऱ्हाट्या एक एक ओढून बाहेर काढल्या. मग दाराआड उभं राहून वाट पाहिली. आमच्या ह्यांनी दोनदा विचारलं, "काय झालं?" दोन्ही वेळा नानांनी बोट दाखवून त्यांना गप्प केलं. गुरगुर थांबली तेव्हा लांब काठीने त्यांनी दांडी तसूभर उचलली. झाकणी निघेना. पुन्हा उचलली. मग जी वाफ सुटली, ती कौलांपर्यंत गेली. गल्लीतली कुत्री पळाली.

बंब निवल्यावर नानांनी वॉल उतरवला. विहिरीच्या खाऱ्या पाण्याने आत पांढरी खपली धरून झाकणी चिकटली होती. "हाऊ आता नही चालाव," म्हणाले. खोलीतून ट्रंक आणली. तिच्यात फडक्यात गुंडाळलेला, आमच्या बंबाच्या मापाचा नवा कोरा पितळी वॉल होता. सांध्यातून वाफ गळू नये म्हणून चिंध्या-शेंदूर लावून तो त्यांनी पान्याने आवळून बसवला आणि बत्ता माझ्या हातात ठेवला.

मी म्हटलं, "नाना, चुकनं मनं. दोन शिव्या द्या, म्हणजे मोकळं होईल."

ते पान्याचं तेल पुसत बसले. मग म्हणाले, "शिव्या कशा देऊ, अक्का? मीबी टांगेल व्हतं."

धुळ्याच्या जिनात त्यांची खोली बॉयलरला लागून होती. मुलगी सहा महिन्यांची. तापाने तिला झोप नव्हती, आणि वॉल फुसफुसला की ती दचके. तासभर झोपेल म्हणून नानांनी दांडीला एक वीट बांधली. वाफेने भिंतीकडचा पाइप फाडला आणि ती खोलीत घुसली. नाना आत धावले, तेव्हा हात भाजला.

"पोर रडनी बी नही," एवढंच म्हणाले. बायको वर्षाच्या आत गेली.

मी बत्ता परत खलबत्त्यात नेऊन ठेवला.

बंब पुन्हा पेटवला. थोड्या वेळाने नवा वॉल फुस्स झाला, जुन्यापेक्षा मोठ्याने. घरात पोर दचकून जागी झाली आणि तिने टाहो फोडला. मी तिला घ्यायला उठले.

"ऱ्हाऊ दे, अक्का," नाना म्हणाले. "जराखं रडू दे. माले आयकू दे."

मी पोरीला उचललं नाही. चुलीवर चहा ठेवला, झाकण तिरकं केलं. त्या दिवशी नानांनी चहा घेतला.